ओकलंडचे ट्रक: हवेसाठीच्या अनुदानातून काय विकत घेता आलं आणि काय नाही

हवा सुधारण्यासाठी मिळालेल्या अनुदानाचा हिशेब आपल्याकडे खर्चात मांडला जातो. निधी किती आला, किती खर्ची पडला, यंत्रं किती घेतली, उपयोगिता प्रमाणपत्र कधी गेलं. हवेत काय फरक पडला, हे त्या कागदावर क्वचितच असतं. म्हणून कॅलिफोर्नियातल्या वेस्ट ओकलंड या वस्तीचं प्रकरण मला मोलाचं वाटतं. तिथे बंदरात ये-जा करणाऱ्या डिझेल ट्रकच्या मालकांना सरकारी अनुदान दिलं गेलं. अनुदानाआधी आणि नंतर, त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची काजळी एकेका ट्रकगणिक मोजली गेली. ती झपाट्याने घटली. काही वर्षांनी काही ट्रकांतून पुन्हा वाढायला लागली, तेव्हा तेही मोजलं गेलं. पैसा कुठे कामी आला, कुठे अपुरा पडला आणि भार कुणी उचलला, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी प्रकरणं फार थोडी आहेत.

वस्ती आणि तिच्याभोवतीचे रस्ते

सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर ओकलंड शहर आहे. त्याचा बंदराला लागून असलेला भाग म्हणजे वेस्ट ओकलंड. पश्चिमेला बंदर आणि रेल्वे यार्ड, बाकी बाजूंनी ८८०, ९८० आणि ५८० क्रमांकांचे महामार्ग. ही एकेकाळी रेल्वे कामगारांची वस्ती. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामासाठी दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं इथे स्थिरावली, कारण शहरातल्या बऱ्याच भागांत त्यांना घरं मिळत नव्हती. १९५७ मध्ये वस्तीच्या मधोमध सायप्रेस नावाचा दुमजली उन्नत महामार्ग उभा राहिला. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात तो कोसळला आणि ४२ जण दगावले. तो होता तिथेच पुन्हा बांधू नका, असं रहिवाशांनी ठणकावून सांगितलं. अखेर नवा रस्ता वस्तीच्या कडेने नेण्यात आला आणि जुन्या जागी मंडेला पार्कवे हा झाडांचा रस्ता झाला. हवेची लढाई पुढे याच लोकांनी लढवली. सरकारी नकाशा बदलता येतो हे त्यांनी आधीच अनुभवलेलं होतं.

इथल्या हवेबद्दल बोलताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. टेकड्यांच्या बाजूने जाणाऱ्या ५८० महामार्गावर, ओकलंडच्या हद्दीत, साडेचार टनांहून जड ट्रकांना बंदी आहे. ही बंदी अनेक दशकं जुनी आहे. तिकडे सुखवस्तू वस्त्या आहेत. त्यामुळे बंदराची सगळी अवजड वाहतूक ८८० वरून, म्हणजे सपाटीवरच्या गरीब वस्त्यांना खेटून जाते. धूर कुणाच्या दारात जाणार हे अशा एका फलकाने ठरून जातं. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य विभागाने २००८ मध्ये लिहून ठेवलं की वेस्ट ओकलंडमध्ये जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलाचं अपेक्षित आयुर्मान ओकलंडच्या टेकड्यांवर जन्मलेल्या गोऱ्या मुलापेक्षा जवळपास १५ वर्षांनी कमी आहे. त्यात गरिबी, घरं, उपचार असं सगळं येतं. हवा हा त्यातला एक धागा आहे.

आधी मोजणी, मग मागणी

अनुदानाची गोष्ट पैशापासून सुरू होत नाही, हे मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २००० च्या सुमारास रहिवासी आणि पॅसिफिक इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था एकत्र आली. आपल्या वस्तीची तब्येत कशावरून ओळखायची, हे रहिवाशांनीच ठरवायचं असा बेत होता. त्यातून २००२ मध्ये १७ निर्देशकांचा अहवाल निघाला आणि वेस्ट ओकलंड एन्व्हायर्नमेंटल इंडिकेटर्स प्रोजेक्ट ही संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक मार्गारेट गॉर्डन. सगळे त्यांना ‘मिस मार्गारेट’ म्हणतात. त्या पूर्वी लोकांच्या घरी साफसफाईचं काम करायच्या आणि घरात दम्याचा त्रास होता. ब्रायन बेव्हरिज हे त्यांचे सहसंचालक.

या मंडळींनी सुरुवातीला केलेलं काम अगदी साधं होतं. चौकात उभं राहून ट्रक मोजायचे. कुठल्या गल्लीत किती शिरतात, किती वेळ इंजिन चालू ठेवून थांबतात, कुठल्या शाळेजवळून जातात, हे कागदावर टिपायचं. वस्तीतल्या कुणालाही हे ठाऊक होतं, पण नोंद नव्हती. नोंद झाल्यावर ‘ट्रक फार आहेत’ ही तक्रार ‘या रस्त्यावर या वेळेत इतके ट्रक’ अशी झाली, आणि ती बंदर, महापालिका, हवा नियंत्रण मंडळ अशा कुठल्याही टेबलावर ठेवता येऊ लागली. ट्रकांसाठी ठरावीक मार्ग आखण्याची चर्चाही या आकड्यांवर झाली. २००७ मध्ये महापौर रॉन डेलम्स यांनी गॉर्डन यांना थेट बंदराच्या आयुक्त मंडळावर नेमलं. जिच्या दारात धूर येत होता ती बाई बंदराचा कारभार ठरवणाऱ्या टेबलाशी बसली.

डिसेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य हवा मंडळाने, ज्याला सगळे ‘कार्ब’ म्हणतात, वेस्ट ओकलंडचा आरोग्य-धोका अभ्यास जाहीर केला. डिझेलच्या काजळीमुळे होणारा कर्करोगाचा आजन्म धोका दर दहा लाखांमागे सुमारे १,२०० निघाला. डिझेल काजळीचं प्रमाण बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या प्रदेशाच्या, सरासरीच्या जवळपास तिप्पट होतं. त्या १,२०० पैकी साधारण १९० बंदराच्या थेट कामकाजाच्या खात्यावर, ४० रेल्वे यार्डाच्या, आणि सुमारे ९५० बाकी सगळ्याच्या. त्या ‘बाकी’त सर्वांत मोठा वाटा रस्त्यावरच्या ट्रकांचा होता. जहाजं मोठी आणि त्यांचा धूरही जास्त, पण तो धूर पाण्यावर, उंच धुराड्यातून बाहेर पडतो. ट्रकचा धूर माणसाच्या नाकाच्या पातळीपासून फार दूर नसतो आणि खिडकीखालून जातो. पैसा कुठे लावायचा याचं उत्तर इथे मिळालं. कुठल्याही अनुदान योजनेच्या पहिल्या पानावर असा स्रोतवार हिशेब असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

नियम, तारीख आणि अनुदान

अनुदान एकटं आलं नाही, त्याच्या पाठीशी नियम होता. डिसेंबर २००७ मध्ये कार्बने बंदरात ये-जा करणाऱ्या ट्रकांसाठी नियम मंजूर केला. १ जानेवारी २०१० पासून १९९४ पूर्वीच्या इंजिनांना बंदरात प्रवेश बंद. १९९४ ते २००३ च्या इंजिनांना काजळी किमान ८५ टक्के रोखणारा फिल्टर बसवलेला हवा. दुसरा टप्पा २०१३ अखेरचा: त्यानंतर २००७ च्या मानकाचं इंजिन नसेल तर ट्रक आत येणार नाही. बंदराने एप्रिल २००९ मध्ये आपलीही योजना जाहीर केली. २००५ च्या तुलनेत डिझेलमुळे होणारा कर्करोगाचा धोका २०२० पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट तिच्यात होतं.

फिल्टरची किंमत १५ ते २० हजार डॉलर. ट्रक कुणाचे? बहुतेक चालकांच्या स्वतःच्या नावावर. बंदरातून जवळच्या गोदामापर्यंत कंटेनर पोचवणारे हे चालक बहुतांश स्थलांतरित. कंपनीसाठी काम करायचं, पण नोकर म्हणून नव्हे, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून. खेपेमागे पैसे मिळतात. रांगेत तासन् तास गेले तर ते बिनपगारी. असा माणूस सेकंडहँड ट्रक घेतो, कारण त्याला तेवढाच परवडतो. बंदरांच्या भोवती सर्वांत जुने ट्रक दिसतात ते यामुळे. अमेरिकेतच काय, उरण आणि पनवेलच्या रस्त्यांवरही जुनी इंजिनं कमी अंतराच्या फेऱ्यांवरच जास्त आढळतात.

म्हणून अनुदान. पैसा चार ठिकाणांहून आला: बे एरियाचं प्रादेशिक हवा नियंत्रण मंडळ, बंदर, केंद्राची पर्यावरण संरक्षण संस्था, आणि राज्याचे रोखे. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १ बी’ मंजूर केलं होतं. त्यातले १०० कोटी डॉलर मालवाहतुकीचं प्रदूषण कमी करण्यासाठी राखून ठेवले होते. ओकलंडच्या ट्रकांसाठी सगळं मिळून दोन कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली. हजाराहून जास्त ट्रकांना फिल्टर बसले, काही जुने ट्रक मोडीत काढून त्या जागी नवे घेतले गेले.

आणि २००९ च्या अखेरीस पैसे संपले. शेकडो चालकांचे अर्ज पडून होते, तारीख तोंडावर होती. जानेवारी २०१० मध्ये चालक बंदरावर निदर्शनं करत होते. थोडी मुदतवाढ मिळाली, आणखी काही निधी उभा केला गेला, पण दरम्यान काहींचं काम गेलं. नियमाची तारीख आणि निधीचा आकडा वेगवेगळ्या टेबलांवर ठरले की मधल्या फटीत कोण सापडतं, ते इथे दिसलं. मला इथे कार्बने तारीख पुढे ढकलायला हवी होती असं वाटत नाही, कारण वस्तीतली मुलं तोच धूर आणखी एक वर्ष घेत राहिली असती. पण किती ट्रक आहेत, किती जुने आहेत आणि एका फिल्टरला किती खर्च येतो हे दोन वर्षं आधी माहीत होतं. गुणाकार करून तेवढा निधी आधी उभा करणं शक्य होतं.

पुलावरची नळी

नोव्हेंबर २००९ मध्ये, म्हणजे नियम लागू होण्याच्या आधी, बर्कली विद्यापीठ आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पुलावर एक व्हॅन उभी केली. रॉबर्ट हार्ले आणि थॉमस किर्चस्टेटर हे त्या कामाचे प्रमुख. पुलाच्या कठड्यावरून एक नळी खाली सोडलेली, तिचं तोंड पुलाखालून जाणाऱ्या ट्रकांच्या उभ्या धुराड्यांच्या किंचित वर. ट्रक जोर लावत खालून गेला की त्याच्या धुराचा एक लोट नळीत ओढला जायचा. काही सेकंदांत कार्बन डायऑक्साइड, काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचे आलेख एकदम वर जायचे आणि खाली यायचे. कार्बन डायऑक्साइडवरून किती इंधन जळालं ते कळतं. त्या इंधनामागे किती काजळी, हा भागाकार त्या एका ट्रकचा. कॅमेऱ्याने टिपलेला नंबर नोंदणीशी जुळवला की इंजिनाचं वर्ष आणि फिल्टर आहे की नाही, हेही मिळायचं. ट्रक थांबवायची गरज नाही, चालकाला सांगायची गरज नाही, त्यामुळे त्या दिवसापुरता ट्रक चकाचक करून आणण्याची सोयही नाही.

जून २०१० मध्ये तीच मोजणी पुन्हा झाली. सात महिन्यांत इंधनामागची सरासरी काजळी ५४ टक्क्यांनी आणि नायट्रोजन ऑक्साइड ४१ टक्क्यांनी घटले होते. २०१३ पर्यंत फिल्टर असलेल्या ट्रकांचं प्रमाण २ टक्क्यांवरून ९९ टक्क्यांवर गेलं, इंजिनांचं मध्यक वय ११ वर्षांवरून ६ वर आलं, काजळी २००९ च्या तुलनेत ७६ टक्के आणि नायट्रोजन ऑक्साइड ५३ टक्के कमी झाले. नुसत्या बाजाराच्या गतीने जुने ट्रक जाऊन नवे येण्याला जितकी वर्षं लागली असती, तितकं काम तीन-चार वर्षांत झालं. हे यश खरं आहे. ते नियमाचं की अनुदानाचं, असा प्रश्न विचारला जातो. माझं उत्तर असं की नियमाविना अनुदान घेऊन कुणी पूर्ण ताफा बदलला नसता, आणि अनुदानाविना तो नियम राजकीयदृष्ट्या टिकला नसता.

एक बारकावा मात्र सोडू नये. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी काही उपकरणांत नायट्रोजन डायऑक्साइड मुद्दाम तयार केला जातो. त्यामुळे एकूण नायट्रोजन ऑक्साइड घटूनही त्यातला नायट्रोजन डायऑक्साइडचा हिस्सा वाढला. तोच फुप्फुसांना जास्त त्रासदायक. एका प्रदूषकावर बेतलेली योजना दुसऱ्याकडे बघायला विसरते, ते असं.

फिल्टर बसला, पुढे काय

डिझेलचा फिल्टर म्हणजे आतून मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेला सिरॅमिकचा ठोकळा. एक छिद्र पुढून बंद, शेजारचं मागून बंद, म्हणजे धुराला भिंतीतून झिरपूनच जावं लागतं आणि काजळी अडकते. अडकलेली काजळी जाळून टाकावी लागते, नाहीतर ठोकळा तुंबतो. जाळायला धूर चांगला तापलेला हवा. लांब पल्ल्याचा ट्रक महामार्गावर सुसाट जातो, त्याचा धूर तापतो आणि फिल्टर आपोआप मोकळा होतो. बंदरातला ट्रक मात्र दिवसभर रांगेत सरकत असतो, थांबतो, पुन्हा सरकतो. त्याचा धूर तेवढा तापत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, ट्रक बाजूला घेऊन जास्तीचं इंधन जाळत फिल्टर साफ करावा लागतो. तेवढ्या वेळात रांगेतला नंबर जातो, म्हणजे खेप जाते. त्यात इंजिन तेल खाणारं असलं किंवा इंजेक्टर गळका असला, तर फिल्टरला तडे जातात. तडा गेलेला फिल्टर बाहेरून धडधाकट दिसतो, आतून काजळी सरळ निघून जाते.

२०१५ च्या मोजणीत हे उघड झालं. २००७ ते २००९ च्या इंजिनांची सरासरी काजळी २०१३ च्या तुलनेत वाढली होती. ताफ्यातले अवघे ७ टक्के ट्रक एकूण काजळीपैकी ६५ टक्के सोडत होते. कागदावर या सगळ्यांना फिल्टर होता. बंदराच्या दारावरची नोंद त्यांना ‘पात्र’ म्हणत होती. अनुदानाने उपकरण घेऊन दिलं होतं. त्याची देखभाल, दरवर्षीची तपासणी, बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च, हे कुणाच्याच खात्यात नव्हतं. म्हणजे ते चालकाच्या खात्यात होतं.

त्या चालकांचं काय झालं, हेही याच हिशेबात यायला हवं. २०१० मध्ये कर्ज काढून, अनुदान घेऊन ज्यांनी जुन्या ट्रकला फिल्टर बसवला, त्यांना २०१३ अखेरीस कळलं की आता फिल्टरसह ट्रकच बाद. नियमात दुसरा टप्पा पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता हे खरं. पण १५-२० हजार डॉलरची वस्तू चार वर्षांत निरुपयोगी होते हे कळण्याइतका सल्ला त्या माणसाला कुणी दिला होता? २०१३ च्या ऑगस्टमध्ये आणि नंतर पुन्हा शरद ऋतूत ओकलंडच्या चालकांनी काम बंद केलं. मागण्या दोन: रांगेत जाणाऱ्या वेळेचा मोबदला आणि नव्या ट्रकसाठी मदत. लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बंदरांनी याच काळात प्रत्येक भरलेल्या २० फुटी कंटेनरमागे ३५ डॉलर शुल्क लावून नव्या ट्रकांसाठी पैसा उभारला, म्हणजे भार मालाच्या मालकावर टाकला. ओकलंडने तसं शुल्क लावलं नाही. करदात्याचे रोखे आणि चालकाचं कर्ज यांवर तिथली हवा सुधारली. माझ्या मते ओकलंडच्या योजनेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे. दुकानात पोचणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या भाड्यात त्या धुराची किंमत बसायला हवी होती.

वस्तीच्या हाती पैसा

पुढचा टप्पा वेगळ्या प्रकारच्या अनुदानाचा आहे. २०१५ ते २०१७ च्या दरम्यान गुगलच्या स्ट्रीट व्ह्यू मोटारींवर उपकरणं लावून ओकलंडच्या गल्लीगल्लीतली हवा मोजली गेली. एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड ही पर्यावरण संस्था, ॲक्लिमा ही कंपनी आणि जोशुआ आप्टे यांचा संशोधक गट यात होता. काही शे मीटरांच्या अंतरात प्रदूषण पाच ते आठ पटींनी बदलतं, असं त्यातून दिसलं. सरकारी मोजणी केंद्र एक, आणि त्याच्या आकड्यावर आख्ख्या शहराचा निवाडा, ही पद्धत किती अपुरी आहे ते यावरून कळावं. २०१७ च्या उन्हाळ्यात रहिवाशांनी आपापल्या ओट्यांवर, कुंपणांवर काजळी मोजणारे १०० स्वस्त सेन्सर १०० दिवस लावू दिले.

त्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ‘एबी ६१७’ या कायद्यावर सही केली. प्रदूषणाचा सर्वाधिक मार सोसणाऱ्या वस्त्या निवडायच्या, तिथल्या लोकांबरोबर बसून हवा-योजना करायची, आणि त्यासाठी निधी द्यायचा. पहिल्या वर्षी स्वच्छ यंत्रांसाठी २५ कोटी डॉलर ठेवले गेले. त्याशिवाय सामुदायिक संस्थांसाठी वेगळी छोटी अनुदानं होती. त्यांतून सेन्सर घेता येतात, तज्ज्ञ नेमता येतो, भाषांतर करून घेता येतं, बैठका घेता येतात. मला ही छोटी रक्कम मोठ्या रकमेइतकीच महत्त्वाची वाटते. ज्या वस्तीत कागद वाचायला, आकडे तपासायला कुणाला पगारी वेळ नाही, तिथे मोठा निधी आला तरी तो कशावर खर्च करायचा हे बाहेरचेच ठरवतात. वेस्ट ओकलंडकडे पंधरा वर्षांची स्वतःची नोंद होती, म्हणून पहिल्या दहा वस्त्यांत तिची निवड झाली आणि तिची योजना वस्तीची संघटना व प्रादेशिक हवा मंडळ यांनी मिळून लिहिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ती मंजूर झाली. तिच्यात ८९ उपाय आहेत आणि उद्दिष्ट असं की २०३० पर्यंत वस्तीतला प्रत्येक भाग तेव्हाच्या सर्वांत स्वच्छ भागाइतका व्हावा.

या कायद्यावर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. त्याच सोबत कार्बन-व्यापाराला, म्हणजे कार्बन सोडण्याचे परवाने विकण्या-घेण्याच्या पद्धतीला, मुदतवाढ देणारा कायदा आला, ज्याने स्थानिक हवा मंडळांचे काही हात बांधले. शिवाय ८९ पैकी बरेच उपाय महापालिका आणि बंदराने करायचे आहेत. हवा मंडळ त्यांना आग्रह करू शकतं, हुकूम देऊ शकत नाही.

आपल्याकडचा हिशेब

१५ व्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांना हवेसाठी अनुदान दिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिल्या हप्त्यात महाराष्ट्राला ३९६.५ कोटी मिळाले, देशात सर्वाधिक: बृहन्मुंबईला २४४ कोटी, पुण्याला ६७, नागपूरला ३३, नाशिकला २०.५, वसई-विरार आणि तेव्हाच्या औरंगाबादला प्रत्येकी १६. याच्या जोडीला २०१९ पासूनचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम, ज्यात राज्यातली मुंबईपासून चंद्रपूरपर्यंतची १९ शहरं आहेत. पैसा थोडा नव्हता. पण कामगिरी मोजायची ती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे जाड धुळीसकट सगळ्या कणांवर. मग महापालिकांनी जाड धूळच पकडली: रस्ते झाडणारी यंत्रं, पाणी फवारणाऱ्या गाड्या, रस्त्याच्या कडेचं फरसबंदीकरण. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये देशभरचा हिशेब मांडला. खर्च झालेल्या सुमारे १०,५०० कोटींपैकी ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर, वाहनांच्या धुरावर साधारण साडेबारा टक्के, उद्योगांवर एक टक्काही नाही. महापालिकांचे अधिकारी बेफिकीर आहेत म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. जो आकडा सुधारला तर पुढचा हप्ता मिळतो, तोच आकडा माणूस सुधारायला जातो. ओकलंडमध्ये आधी ‘कुणाचा धूर कुणाच्या फुप्फुसात’ हे ठरलं आणि मग अनुदानाच्या अटी लिहिल्या गेल्या. आपल्याकडे क्रम उलटा आहे.

ओकलंडला ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या ‘क्लीन पोर्ट्स’ योजनेतून ३२ कोटी २० लाख डॉलर जाहीर झाले: ४७५ विजेवरचे वा शून्य-उत्सर्जन ट्रक आणि बंदरातली १८८ यंत्रं. यावेळी प्रश्न तेच आहेत, फक्त रक्कम मोठी. चार्जिंग कुठे होणार आणि त्या वेळेचे पैसे कोण देणार? ट्रक कुणाच्या नावावर असणार? पाच वर्षांनी बॅटरी उतरली तर? २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधलं सरकार बदललं आणि पर्यावरणीय न्यायासाठी दिलेली शेकडो अनुदानं रद्द झाली. राज्याचा कायदा, प्रादेशिक मंडळ आणि वस्तीची स्वतःची संघटना हे तीन आधार वेगवेगळे ठेवण्याचं मोल तेव्हा कळलं.

हे सगळं मराठी वाचकांपुढे आत्ताच मांडायचं कारण पालघर जिल्ह्यात आहे. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्च सुमारे ७६,००० कोटी, आणि पूर्ण झाल्यावर क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनर-एककांची (एक एकक म्हणजे एक २० फुटी कंटेनर). ओकलंड वर्षाला साधारण २० ते २५ लाख हाताळतं. बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा आणि गावांचा विरोध आहे, आणि त्यांचे प्रश्न हवेपुरते नाहीत. पण हवेपुरतं बोलायचं तर काही कामं बंदर उभं राहण्याची वाट न पाहता करता येतात. बंदरापासून महामार्गापर्यंत होणाऱ्या रस्त्याला लागून कुठली गावं, आश्रमशाळा, दवाखाने येतात त्याची यादी. तिथली आजची काजळी आणि पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण, पावसाळ्याबाहेरच्या निदान दोन हंगामांत, म्हणजे पुढे ‘आधी किती होतं’ या प्रश्नाला उत्तर असेल. रेल्वेने किती माल जाईल आणि ट्रकने किती, याचा लेखी आकडा. बंदराच्या दारातून कुठल्या वर्षाचं इंजिन आत येऊ शकेल याची अट बंदराच्या पहिल्या निविदेतच. कंटेनरमागे शुल्क, ज्यातून चालकाला ट्रक बदलायला आणि फिल्टरची किंवा बॅटरीची दुरुस्ती करायला पैसा मिळेल. आणि त्या शुल्कातला एक हिस्सा थेट ग्रामपंचायतींच्या हाती, स्वतःचे सेन्सर आणि स्वतःचा तज्ज्ञ ठेवण्यासाठी. ओकलंडला यातली बहुतेक कामं पन्नास वर्षांच्या धुरानंतर सुरू करावी लागली.